अमेरिकेत हॉटेल आणि भाड्याची गाडी: बोली गेली, झाकली मूठ उरली

घाटमाथा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हॉटेलं-गाड्यांच्या आरक्षणाच्या प्राइसलाइन या साइटबद्दल 'तिथे बोली कशी लावायची?' हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तर म्हणून कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वीच्या युक्त्या चिकटवतं. त्या आता चालत नाहीत. आज नक्की काय चालतं ते एका जागी असावं म्हणून हा धागा. भर घाला, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा.

आधी जुनी पद्धत, कारण आजच्या स्वस्त दरांची मेख तिच्यातच आहे. प्राइसलाइनने १९९८ मध्ये 'नेम युअर ओन प्राइस' सुरू केलं. हॉटेलसाठी शहराचा विभाग, किती तारे हवेत आणि तुम्ही किती देणार हे भरायचं, कार्ड आधीच द्यायचं. एखाद्या हॉटेलला तो दर परवडला की पैसे कापले जात आणि मग नाव दिसे. बोली नाकारली गेली तर नुसती रक्कम वाढवून लगेच पुन्हा लावता येत नसे, २४ तास थांबावं लागे. मात्र विभाग, तारे किंवा तारीख बदलली तर ती नवी बोली धरली जाई. सगळी हुशारी इथेच होती. समजा तुम्हाला मध्यवर्ती भागात चार तारे हवेत आणि शेजारच्या विभागात चार किंवा त्याहून जास्त ताऱ्यांचं एकही हॉटेल नाही. तो विभाग जोडला की बोली नवी झाली, पण खोली मिळणार ती मध्यवर्ती भागातच. असे रिकामे विभाग जितके सापडतील तितक्या जादा बोली फुकटात. ६० पासून सुरुवात करून पाच-पाच डॉलर चढवत जायचं. लोक कुठल्या शहरात कुठला विभाग रिकामा याच्या याद्या ठेवत.

हॉटेलं यात का पडत? रात्र उलटली की रिकाम्या खोलीची किंमत शून्य. पण १८० ची खोली उघडपणे ११० ला विकली तर नेहमीचं गिऱ्हाईकही पुढच्या वेळी ११० च मागणार. नाव झाकलं की ११० वाला वेगळा राहतो, १८० वाला वेगळा. हे गणित आजही तसंच आहे. बोली मात्र संपली: विमानांची २०१६ मध्ये, नंतरच्या काही वर्षांत गाड्यांची आणि हॉटेलांचीही.

आज उरलंय ते असं: हॉटवायर या तशाच दुसऱ्या साइटचे 'हॉट रेट', प्राइसलाइनच्या 'एक्सप्रेस डील' आणि प्राइसलाइनचेच 'प्राइसब्रेकर'. पहिल्या दोन्हींत दर साइट सांगते, नाव पैसे भरल्यावर कळतं. प्राइसब्रेकरमध्ये तीन हॉटेलं नावानिशी दाखवतात, त्यातलं एक मिळतं. कुठलं, ते पैसे गेल्यावर. तिन्हींत रद्द करणं, तारीख बदलणं, पैसे परत मिळणं धरूच नका.

थोडक्यात, पूर्वी किती द्यायचं याचा अंदाज बांधावा लागे, आता झाकणाखाली कोण आहे याचा. तो बराचसा बांधता येतो. पुढच्या प्रतिसादात लिहितो.

घाटमाथा

झाकलेलं हॉटेल ओळखण्याची पद्धत. एक्सप्रेस डीलवर तारे, विभाग, पाहुण्यांनी दिलेले गुण, सोयी आणि सहसा 'इतके टक्के कमी' असं लिहिलेलं असतं. तो टक्का म्हणजे चोराच्या पावलाचा ठसा.

समजा दर १२८ डॉलर आणि ३६ टक्के कमी. मूळ दर = १२८ ÷ ०.६४ = २००. पण टक्का पूर्णांकात केलेला असतो, म्हणजे खरा आकडा ३५.५ ते ३६.५ मधला. त्यामुळे मूळ दर १९८ ते २०२ च्या दरम्यान धरा. आता त्याच साइटवर, त्याच तारखांना, त्याच विभागात, तेवढ्याच ताऱ्यांची उघड नावाची हॉटेलं लावा आणि १९८ ते २०२ मध्ये कोण बसतं ते बघा. बहुधा दोन-तीन उरतात. मग सोयी ताडून पाहा. पोहण्याचा तलाव, फुकट नाश्ता, पाळीव प्राण्यांना परवानगी यांनी लवकर चाळण होते. वायफाय आणि व्यायामशाळेचा उपयोग नाही, ती सगळीकडेच असते.

त्यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: तारीख एक दिवस पुढे करून तेच गणित पुन्हा करा. शुक्रवारी मूळ दर २०० निघाला, शनिवारी २४५ निघाला, आणि तुमच्या उमेदवाराचा उघड दरही २०० वरून २४५ ला गेला, तर बऱ्यापैकी खात्री. नाही जुळलं तर सोडून द्या.

हे फसतं कुठे? एक, खोडलेला 'मूळ दर' नेहमी त्या दिवसाचाच असतो असं नाही. दोन, करांसह आणि करांशिवायच्या आकड्यांची सरमिसळ होते, दोन्हीकडे एकच पद्धत धरा. तीन, हॉटवायर आणि प्राइसलाइन आपापले तारे लावतात. एकीकडे साडेतीन असलेलं हॉटेल दुसरीकडे चार असू शकतं, म्हणून हॉटवायरचा सौदा प्राइसलाइनच्या यादीशी ताऱ्यांवरून ताडू नका. चार, एकाच साखळीची दोन हॉटेलं एकाच विभागात असली तर सोयी आणि दर दोन्ही जवळजवळ सारखे निघतात. तिथे नाणंफेकच.

हिशेबनीस

उत्तम. पण स्वस्त वाटणाऱ्या दराची बेरीज कशी बिघडते तेही लिहू या.

झाकलेल्या सौद्यावर हॉटेल साखळीचे पॉइंट सहसा मिळत नाहीत, त्या रात्री सदस्यत्वाच्या दर्जासाठी धरल्या जात नाहीत, आणि दर्जामुळे मिळणारा फुकट नाश्ताही बहुधा जातो. चार जणांचा नाश्ता बाहेर केला तर रोजचे ४०-५० डॉलर सहज. दुसरं म्हणजे पार्किंग. सॅन फ्रान्सिस्को, शिकागो, बॉस्टनच्या मध्यवर्ती हॉटेलांत एका रात्रीचे ५० ते ७० डॉलर सर्रास लागतात, आणि झाकलेल्या सौद्यात पार्किंगचा दर आधी कळत नाही. गाडी असेल तर मध्यवर्ती भागातला हॉट रेट घेऊच नये या मताचा मी आहे.

रिसॉर्ट फीबद्दल: १२ मे २०२५ पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाप्रमाणे हॉटेलांनी आणि साइटनी सक्तीची शुल्कं धरूनच दर दाखवायला हवा. त्यामुळे लास व्हेगसला ५९ चा दर आणि काउंटरवर वर ४५, हा प्रकार उरू नये. तरी पैसे भरण्यापूर्वीच्या शेवटच्या पानावर 'हॉटेलवर देय' अशी ओळ आहे का ते बघा: रक्कम दाखवलेली असते, पण कधीकधी ती तिथे जाऊन भरायची असते. पार्किंग ऐच्छिक असल्यामुळे या नियमात येत नाही.

माझा ठोकताळा: रद्द करता येण्याजोग्या सर्वांत स्वस्त दरापेक्षा, सगळं धरून, निदान २५ टक्के फरक असेल तरच डोळे झाकायचे. १० टक्क्यांसाठी नाही.

कोथिंबीरवडी

चौघांसाठी (दोन मोठे, ९ आणि १२ वर्षांची मुलं) हॉट रेट घेतला तर दोन बेडची खोली मिळते का? शोधताना चार जण असं भरलं आहे.

घाटमाथा

@कोथिंबीरवडी, धरून चालू नका. बेडचा प्रकार चेक-इनला जे शिल्लक असेल त्यावर ठरतो, आणि उशिरा पोचणाऱ्यांना बहुतेक एक किंग बेड. पैसे भरून नाव कळलं की लगेच हॉटेलला थेट फोन करा, साइटच्या मदत क्रमांकावर नको. पुष्टी क्रमांक सांगून दोन क्वीन बेडची नोंद करायला सांगा. बरीच हॉटेलं ऐकतात, पण ती विनंती, हक्क नव्हे.

तुमच्यासाठी प्राइसब्रेकर बरा. तिन्ही नावं समोर असतात, म्हणून तिन्ही हॉटेलांच्या संकेतस्थळावर जाऊन दोन-बेडच्या खोल्या मुळात किती आहेत ते पाहता येतं. तिघांपैकी एक जरी बुटीक हॉटेल असलं आणि सगळ्या खोल्या एका बेडच्या असल्या, तर तो सौदा सोडा. 'ते येणार नाही' असं मनाला समजावू नका, नेमकं तेच येतं. फक्त स्वीटच असलेल्या साखळ्या तिघांत दिसल्या तर मात्र सोन्याहून पिवळं: सोफा-बेड असतो आणि बहुधा नाश्ताही.

खाडीपलीकडे

विभागांच्या सीमांबद्दल. नकाशावर रंगवलेला भाग नीट मोठा करून बघा. सॅन फ्रान्सिस्कोत युनियन स्क्वेअरपासून पश्चिमेला काही ब्लॉक गेलं की टेंडरलॉइन लागतं. दोन्ही एकाच रंगात आले तर स्वस्त दर कुठला असेल ते सांगायला नको. रात्री लहान मुलांना घेऊन चालण्याजोगा तो भाग नाही. विमानतळाचे विभागही फसवे असतात, टर्मिनलपासून सात-आठ मैलांवरचं हॉटेल त्यात मोडू शकतं. 'विमानतळ शटल' ही सोय यादीत नसेल तर जाण्यायेण्याचे उबरचे पैसे दरात मिळवा.

एक गैरसमज: '२४ तासांत रद्द केलं तर पैसे परत' हा अमेरिकी सरकारचा नियम फक्त विमान तिकिटांना आहे, तोही उड्डाण निदान सात दिवस पुढे असेल तर. हॉटेलं आणि गाड्यांना तो लागू नाही.

शेंगदाणा

हॉटेलांचं ठीक. गाडीबद्दल लिहा की. डेन्व्हरहून सात दिवसांचे दर बघून भोवळ आली.

चारचाकी_चर्चा

गाडीचा क्रम हॉटेलच्या उलटा ठेवा. आधी पैसे न भरता रद्द करता येईल असं आरक्षण पकडायचं, आणि ते हातात ठेवून स्वस्ताई शोधायची.

पहिली पायरी: तारखा ठरल्या की कॉस्टको ट्रॅव्हलवर (कॉस्टको दुकानांच्या सदस्यांसाठीची प्रवास-साइट) किंवा कंपनीच्या साइटवर 'काउंटरवर पैसे' असं आरक्षण करा. कॉस्टकोच्या दरात दुसरा ड्रायव्हर सहसा धरलेला असतो. दुसरी: ऑटोस्लॅश या साइटवर ते आरक्षण नोंदवून ठेवा. दर उतरला की ती ईमेल करते, मग नवं करून जुनं रद्द करायचं. नवं हातात आल्याशिवाय जुनं रद्द करू नका. घाईत उलटं केलं की दर तेवढ्यात चढलेला असतो. तिसरी: निघण्याच्या आठवडाभर आधी हॉट रेट आणि एक्सप्रेस डील बघा. गाडीत झाकलेपणाचा त्रास फार कमी. हर्ट्झ, एव्हिस, बजेट, अलामो, एंटरप्राइज अशांपैकीच कुठली तरी बहुधा असते, आणि गाडीचा वर्ग आधीच माहीत असतो. एकूण रक्कम बरीच कमी असेल तर घ्या आणि जुनं रद्द करा.

'एकूण' हा शब्द महत्त्वाचा. विमानतळावरच्या दरात रोजच्या भाड्याशिवाय 'कन्सेशन रिकव्हरी' शुल्क (विमानतळावर धंदा करण्यासाठी कंपनी जे देते त्याची वसुली, बऱ्याच ठिकाणी ११ टक्क्यांच्या आसपास), ग्राहक सुविधा शुल्क, वाहन परवाना शुल्क आणि राज्याचे कर असतात. रोजचे ३२ डॉलर दिसले तरी सात दिवसांचे २२४ होत नाहीत, तीनशेच्या पुढे जातात. शहरातल्या शाखेत यातली विमानतळाची शुल्कं लागत नाहीत, पण त्या बऱ्याचदा शनिवारी दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. पाच दिवसांहून कमी भाड्यासाठी तिथे जाण्याचा खटाटोप परवडत नाही.

घड्याळाकडे लक्ष द्या. भाड्याचा दिवस २४ तासांचा. सकाळी १० ला घेतली आणि शेवटच्या दिवशी साडेअकराला परत केली तर तासाचं, काही ठिकाणी पूर्ण दिवसाचं भाडं. साधारण अर्ध्या तासापर्यंत सूट देतात. आरक्षणात घेण्याची वेळ एक तास पुढे सरकवून बघा, कधीकधी अख्खा दिवस वाचतो. आठवड्याचा दर बऱ्याच ठिकाणी पाच दिवसांपासून लागतो, म्हणून चार दिवसांपेक्षा पाच दिवस स्वस्त दिसू शकतात. पण पाचचं घेऊन चौथ्या दिवशी परत केली तर कंपनी दर पुन्हा मोजते आणि बिल वाढतं.

@शेंगदाणा, डेन्व्हरला उन्हाळ्यात एसयूव्हीचा हट्ट सोडून मिडसाइज बघा. रॉकी माउंटनचे डांबरी रस्ते जुलैत साध्या गाडीनेही होतात.

हिशेबनीस

काउंटरवरचं नाटक राहिलं. 'तुमची कॉम्पॅक्ट लहान पडेल, रोज १५ मध्ये मोठी देतो' असं म्हणाले की शांतपणे नको म्हणा. बऱ्याचदा कॉम्पॅक्ट आवारात नसतेच. तुम्ही नाही म्हणालात तर त्यांना वरच्या वर्गाची त्याच दरात द्यावी लागते. पेट्रोलची पूर्ण टाकी आगाऊ विकत घेऊ नका, रिकामी टाकी परत करणं कुणाला जमत नाही. मुलांची सीट रोज १० ते १५ डॉलर पडते. त्यापेक्षा घरची न्या, अमेरिकी विमान कंपन्या ती फुकट चेक-इन करतात.

नाशिककर_अटलांटा

भारतातून पाहुणे येणार आहेत, तेही गाडी चालवणार. हॉट रेटवर त्यांना गाडी मिळेल का? विमा साइटवरचाच रोज ११ डॉलरचा घेतला तर पुरेल?

चारचाकी_चर्चा

नाही पुरणार. याचं उत्तर सविस्तर देतो, कारण इथे चूक झाली तर वाचवलेल्या पैशांच्या शंभरपट जातात.

दोन वेगळे विमे आहेत. पहिला भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा. साइट रोज ११ ला विकते तो हाच. त्यात बहुतेकदा आधी तुम्ही कंपनीला पैसे भरायचे आणि मग विमा कंपनीकडे दावा करायचा. दुसरा म्हणजे समोरच्याला झालेल्या इजेचा आणि नुकसानीचा, ज्याला इथे लायबिलिटी म्हणतात. साइटच्या ११ मध्ये तो नसतो, क्रेडिट कार्डही तो देत नाही. इथे राहणाऱ्यांची स्वतःच्या गाडीची पॉलिसी सहसा भाड्याच्या गाडीलाही लागू होते, म्हणून आपल्याला त्याची आठवण राहत नाही. पाहुण्यांकडे अशी पॉलिसी नसते. गाडीबरोबर मिळालं तर राज्याच्या किमान मर्यादेइतकंच संरक्षण मिळतं. कॅलिफोर्नियात ती १ जानेवारी २०२५ पासून एका व्यक्तीच्या इजेला ३० हजार, एका अपघातातल्या सर्वांच्या इजेला मिळून ६० हजार आणि मालमत्तेला १५ हजार डॉलर अशी वाढली. अमेरिकी रुग्णालयाच्या बिलापुढे ३० हजार म्हणजे काहीच नाही. पाहुणा गाडी चालवणार असेल तर काउंटरवरचा पूरक लायबिलिटी विमा, म्हणजे एसएलआय, घ्याच. किंवा ज्यांच्या दरात दोन्ही विमे आधीच धरलेले असतात असे परदेशी पर्यटकांसाठीचे दर शोधा. भारतातून आरक्षण करताना कंपनीच्या साइटवर राहण्याचा देश भारत निवडला की ते बऱ्याचदा दिसतात. सगळं धरून ते हॉट रेट + एसएलआय + नुकसानीचा विमा यापेक्षा स्वस्त पडू शकतात, दोन्ही बेरजा करून बघा.

तुम्ही स्वतः चालवणार आणि क्रेडिट कार्डाबरोबर येणारं गाडीच्या नुकसानीचं संरक्षण वापरणार असाल तर: पूर्ण भाडं त्याच कार्डावर, करारावर मुख्य नाव कार्डधारकाचं, आणि काउंटरवर कंपनीचा नुकसान-विमा स्पष्ट नाकारायचा. हॉट रेटचे पैसे एका कार्डावर आणि काउंटरवर दुसरं कार्ड दिलंत तर दाव्याच्या वेळी वाद होतो. चेस सफायर प्रिफर्डसारख्या काही कार्डांचं संरक्षण तुमच्या गाडीच्या पॉलिसीच्या आधी लागतं, बाकी बऱ्याच कार्डांचं तुमच्या पॉलिसीनंतर लागतं. टुरोवरून खाजगी माणसाची गाडी घेतली तर बहुतेक कार्डं हात वर करतात.

परवाना: महाराष्ट्रातला स्मार्टकार्ड परवाना इंग्रजीत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी चालतो, पण काही काउंटरवाले आंतरराष्ट्रीय परवाना मागतातच. आरटीओत तो १००० रुपयांत मिळतो, एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्याबरोबरच वैध असतो. डिजिलॉकरमधला फोनवरचा परवाना काउंटरवर दाखवून उपयोग नाही, प्लास्टिकचं कार्ड हवं. शिवाय क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. पैसे तुम्ही भरलेत आणि काउंटरवर पाहुणे एकटे उभे राहिले तर गाडी मिळणार नाही, आणि हॉट रेटचे पैसेही बुडतील. परवान्यावर आणि कार्डावर नाव सारखंच आहे ना तेही पाहा. वडिलांचं नाव एकीकडे आहे नि दुसरीकडे नाही, अशी आपल्याकडे हमखास तफावत असते.

खाडीपलीकडे

+१. डेबिट कार्डबद्दल: विमानतळावर काही कंपन्या परतीचं विमान तिकीट मागतात, काही सरळ नाही म्हणतात. अनामत म्हणून भाड्याशिवाय २००-३०० डॉलर अडकवले जातात, डेबिटवर ते खरोखर खात्यातून जातात आणि परत यायला आठवडा लागू शकतो. २५ वर्षांखालच्या चालकाला रोजचं जादा शुल्क पडतं, ते काउंटरवरच.

टोलसाठी कंपनीचं यंत्र घेतलंत तर टोलशिवाय रोजचं शुल्क लागतं. स्वतःचा ई-झेडपास (आपोआप टोल भरणारं यंत्र) असेल तर भाड्याच्या गाडीचा नंबर खात्यात तेवढ्या दिवसांपुरता टाका, नंतर काढायला विसरू नका, नाहीतर पुढच्या गिऱ्हाईकाचे टोल तुमच्या खात्यातून जातील. गोल्डन गेट पुलावर रोख घेतच नाहीत. तिथे ऑनलाइन एकदाचा टोल पूल ओलांडल्यावर ४८ तासांत भरता येतो.

कोथिंबीरवडी

धन्यवाद, वाचनखूण साठवली. आणखी एक: मंडळाच्या अधिवेशनासाठी ठरवून दिलेल्या हॉटेलांच्या यादीपेक्षा हॉट रेट स्वस्त दिसतोय. घ्यावा का?

घाटमाथा

अधिवेशनाच्या राखीव खोल्या बहुधा ठराविक तारखेपर्यंत फुकट रद्द करता येतात. त्यातली एक आजच पकडा. ती तारीख उलटण्याच्या दोन-तीन दिवस आधी वरचं टक्क्यांचं गणित करा. झाकलेलं हॉटेल यादीतलंच निघालं आणि फरक मोठा असला तर बदला. मात्र राखीव दरात पार्किंग किंवा शटल धरलेलं आहे का ते आधी विचारा, झाकलेल्या सौद्याला ते मिळणार नाही. मोठ्या अधिवेशनाच्या आठवड्यात आसपास खोल्या उरत नाहीत आणि मग झाकलेले सौदेही महागतात. तिथे शेवटच्या दिवसाची वाट पाहणं म्हणजे जुगार.

नाशिककर_अटलांटा

गाडीचं स्पष्ट झालं, आभार. पाहुण्यांचं विमान १५ तारखेला रात्री साडेबाराला उतरतंय. हॉटेल आणि गाडी दोन्ही १५ चं घेऊ ना?

चारचाकी_चर्चा

गाडी १५ ची, हॉटेल १४ चं! हॉटेलची रात्र आदल्या तारखेने मोजतात. १५ चं घेतलंत तर चेक-इन १५ ला दुपारी तीनला. आणि १४ चं घेतल्यावर हॉटेलला फोन करून 'मध्यरात्रीनंतर येणार' हे आरक्षणावर लिहून घ्या, नाहीतर रात्रीच्या हिशेबात तुम्ही आलाच नाहीत असं धरून ते पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द करू शकतात. झाकलेल्या सौद्यात त्याचे पैसे मिळत नाहीत. गाडीचं काउंटर साडेबारानंतर किती वाजेपर्यंत उघडं असतं तेही विमानतळाच्या शाखेच्या पानावर बघा. हॉट रेटमध्ये कंपनी आधी माहीत नसते, म्हणून अशा उशिराच्या विमानाला झाकलेला सौदा न घेता चोवीस तास उघडी असलेली कंपनी नावानिशी निवडा.